निर्दूषक लेप व तंत्रे

निर्दूषक लेप व तंत्रे : किरणोत्सर्गी अथवा विषारी रासायनिक द्रव्यांनी दूषित झालेल्या पृष्ठभागावरून ती द्रव्ये काढून टाकणे, जागच्या जागी बांधून ठेवणे किंवा त्यांचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करणे, या क्रियेस निर्दूषण म्हणतात. त्यासाठी पृष्ठभागावर दूषणापूर्वी किंवा दूषणानंतर जे थर देतात, त्यांना निर्दूषक लेप म्हणतात.

या दोन प्रकारच्या दूषणांचा विचार पुष्कळदा एकत्र केला जातो; परंतु त्यांत मूलभूत फरक आहे. विषारी संयुगाचा रेणू योग्य विक्रियेने मोडता येतो. किरणोत्सर्गी अणुकेंद्रावर रासायनिक विक्रियेचा असा परिणाम होत नाही. त्याचा क्षय अर्धायुष्यानुसारच होतो [⟶ किरणोत्सर्ग]. म्हणून किरणोत्सर्गी निर्दूषण हे वस्तुतः स्थलांतरच होय. भिंत स्वच्छ झाली, तरी तिच्यावरील सिझियम (१३७) धुणात, कापडात किंवा सोललेल्या पापुद्र्यात शिल्लक असतेच आणि त्याचे अर्धायुष्य सु. ३० वर्षे आहे. तंत्राची गुणवत्ता निर्दूषण गुणांकावरून (आधीची किरणोत्सर्गिता भागिले उरलेली किरणोत्सर्गिता) ठरवितात. पण किती व कोणत्या स्वरूपाचा टाकाऊ पदार्थ मागे राहतो, हे पाहिल्यावाचून तो आकडा अपुरा आहे.

काँक्रीट सच्छिद्र असल्याने दूषित द्रव त्यात मुरतो व मग वरचा थर तासून काढावा लागतो. यासाठी अणुकेंद्रीय संयंत्रांतील भिंती व जमिनी यांवर एपॉक्सी रेझिनाचे गुळगुळीत, अच्छिद्र लेप आधीच देतात. सोलून काढता येणारे लेप याहून वेगळे. पॉलिव्हिनिल अल्कोहॉल, व्हिनिल सहबहुवारिके किंवा लॅटेक्स यांचा दाट द्राव फवाऱ्याने अथवा ब्रशाने लावतात. वाळताना तो बारीक खाचांतील कणांना वेढून घेतो. त्यात ग्राभणकारक (धातूचे आयन पकडून ठेवणारे) द्रव्य मिसळल्यास विरघळणारे दूषितही त्यात ओढले जाते. नंतर पापुद्रा सोलून गुंडाळतात. धुण्याचे पाणी साचत नाही व धूळ उडत नाही, हा मोठा लाभ होय. तथापि लेप पातळ पडल्यास तुकड्यांनी फाटतो, सोलण्याचे काम बहुधा हातानेच करावे लागत असल्याने कामगाराला प्रारणाची मात्रा मिळते आणि खोल मुरलेले द्रव्य निघत नाही. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे १९७९ च्या अपघातानंतरच्या सफाईत असे लेप वापरले गेले. चेर्नोबिल येथे १९८६ मध्ये मात्र बहुवारिकांचे द्राव हेलिकॉप्टरमधून फवारून धूळ नुसती बांधून ठेवण्यात आली.

विक्रियकाच्या नळ्यांच्या आतील बाजूस लेप उपयोगी पडत नाहीत. तेथे लोखंडाच्या ऑक्साइडाच्या थरात कोबाल्ट (६०) रुतलेले असते. सायट्रिक अम्ल, ईडीटीए इत्यादींचा अतिविरल विद्राव मंडलात फिरवून हा थर विरघळवितात व सुटलेले आयन आयन-विनिमय रेझिनांवर धरतात. या पद्धतीचा भारतातील विकास भाभा अणुसंशोधन केंद्राने केला असून ती तेथील दाबित जड पाण्याच्या विक्रियकांत वापरली गेली आहे. ग्राभणकारक मात्र दुधारी ठरतात. टेनेसीमधील ओक रिज येथे पुरलेल्या टाकाऊ पदार्थांतील ईडीटीएमुळे कोबाल्ट (६०) भूजलाबरोबर वाहत असल्याचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

दूषण मातीत शिरले की प्रश्नाचे परिमाणच बदलते. सिझियम चिकणमातीतील खनिजांत घट्ट अडकते. त्यामुळे फुकुशिमा (२०११) येथे वरची माती खरवडणे हाच मुख्य उपाय ठरला. तेथे सु. १ कोटी ४० लाख घ.मी. माती व अन्य टाकाऊ पदार्थ साठविले गेले आणि ते २०४५ पर्यंत त्या प्रांताबाहेर अंतिम जागी नेण्याचे कायदेशीर बंधन जपानी शासनाने स्वीकारले आहे.

रासायनिक युद्धद्रव्यांसाठी पहिल्या महायुद्धापासून विरंजक चूर्ण वापरात आले. पुढे अमेरिकेने स्वीकारलेला डीएस-२ हा तीव्र क्षारीय द्राव प्रभावी होता. पण तो रंग, रबर व प्लॅस्टिक यांना अपाय करी. रेणू मोडणे पुरेसे नसते, हे व्हीएक्स या तंत्रिका-विषाच्या बाबतीत दिसते : दाहक सोड्याने त्याचे विच्छेदन होताना काही अंशी दुसरे अतिविषारी संयुग तयार होते, क्षारीय हायड्रोजन पेरॉक्साइडाने ते टळते. अलीकडे झिर्कोनियमयुक्त धातु-कार्बनी जालके तंत्रिका-विषांचे काही मिनिटांतच जलीय विच्छेदन करतात, असे आढळले आहे; परंतु हा वेग मुख्यतः क्षारीय विद्रावातील असून कोरड्या लेपात तो बराच घटतो. जुने अल्किड रंग विष शोषून नंतर हळूहळू सोडीत. म्हणून लष्करी वाहनांना विष न शोषणारे पॉलियुरेथेन लेप देऊ लागले. सामान्य घरांना असे संरक्षण नसते. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे मार्च २०१८ मध्ये दाराच्या मुठीला नोव्हिचोक लावले गेले. दूषित जागांची सफाई पूर्ण होण्यास सु. एक वर्ष लागले आणि त्या घराचे छप्परही काढून नवे बसवावे लागले.