विजेची तार, पाण्याचा पाट आणि स्पर्धा

वीज व पाणी हीं सरकारच्या हातीं असावींत कीं खाजगी कंपन्यांच्या, हा वाद आपल्याकडे वारंवार निघतो. स्पर्धेनें व्यवहार चोख होतो, हें कापसाच्या बाजारापुरतें खरें. एका व्यापाऱ्याचा भाव पटला नाहीं तर गाडी दुसऱ्याकडे नेतां येते. परंतु पंपाला तार एकच व शेताला पाट एकच. तेथें दुसरा व्यापारी कोठून आणावा?

खानदेशानें याचा अनुभव घेतला आहे. 2003 च्या वीज कायद्यानंतर 2005 सालीं राज्य वीज मंडळाचें विभाजन होऊन वितरण महावितरण कंपनीकडे आलें. 2011 सालीं जळगाव शहर व परिसराचें वितरण क्रॉम्प्टन ग्रीव्हज या खाजगी कंपनीस फ्रँचायझी म्हणून दिलें गेलें. परवाना महावितरणचाच राहिला. कंपनीनें तिच्याकडून वीज घेऊन ग्राहकांस पुरवावी व बिलें वसूल करावीं, अशी ती व्यवस्था होती. 2015 सालीं ती संपून वितरण पुनः महावितरणकडे गेलें. मालक दोनदां बदलला; ग्राहकास निवड एकदांही करतां आली नाहीं. चढाओढ होते ती निविदा भरणाऱ्यांत.

म्हणून मालक कोण यापेक्षां हिशेब कोण मागतो, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. पाण्यापुरतें याचें उत्तर धुळें जिल्ह्यांत पांझरेकांठीं फड पद्धतीनें पूर्वींच दिलें आहे. बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागून एका फडांत एकच पीक घेत. पाणी पाहून कोणते फड भिजवावे हें शेतकरी मिळून ठरवीत. त्यांनींच नेमलेला पाटकरी पाळीप्रमाणें पाणी देई. 2005 च्या कायद्यानें पाणी वापर संस्थांस पाणी मोजून घेऊन सभासदांत वांटण्याचा अधिकार दिला आहे. तो कागदावर राहूं देऊं नये.

विजेविषयींही तेंच. एप्रिल 2024 पासून पांच वर्षांसाठीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत विजेची योजना सरकारनें केली. बिल सरकार भरतें म्हणून शेतकऱ्यानें तें न वाचणें हिताचें नव्हे. जेथें मीटर नाहीं तेथें वापर अंदाजानें धरला जातो, आणि अंदाजांत दुसऱ्याची गळती आपल्या नांवावर पडण्यास वाव राहतो. तेव्हां मीटर मागावा, आंकडे जपून ठेवावे, व वीज नियामक आयोग दर ठरविण्यापूर्वीं हरकती मागवितो तेव्हां गांवानें एकत्र लेखी म्हणणें मांडावें. जेथें दुकान बदलतां येत नाहीं, तेथें वही तपासणें हाच शेतकऱ्याचा आधार होय.