खिडकीच्या आतली आपली मुले

चामटोली हे नाव उभ्या महाराष्ट्राला कळले ते २७ जुलै २०१९ रोजी. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. डब्यांत एक हजाराहून अधिक प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आले आणि आसपासच्या गावांतले लोकही मदतीला धावले. सारे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. दोन दिवस वाहिन्यांवर चामटोली दिसली. मग पूर ओसरला आणि चामटोलीही विस्मरणात गेली.

आम्हाला मात्र चामटोली आठवते ती दरवर्षीच्या मे ते जुलैमध्ये. बारावीचा निकाल लागतो, महाविद्यालयांच्या फाटकांवर रांगा लागतात आणि आमच्या वस्त्यांतली मुले दोन्ही बाजूंना उभी असतात. काही खिडकीच्या बाहेर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. आणि काही खिडकीच्या आत, तेच कागद तपासत. बाहेरच्या मुलांविषयी आपण पुष्कळ बोलतो. आतल्या मुलांविषयी चळवळीत कोणी बोललेले आम्ही ऐकले नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी.

ही मुले पगारी कारकून नसतात. त्याच महाविद्यालयात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणारे हे विद्यार्थी असतात. प्रवेशाचा हंगाम आला की कार्यालयातले मोजके कर्मचारी पुरे पडत नाहीत. रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. मग ‘मदत कक्ष’ नावाचे एक टेबल मांडले जाते आणि त्यामागे ही मुले बसवली जातात. आजोळी जाऊन आंबे-फणस खायची उन्हाळ्याची सुट्टी आपल्या पिढीने तरी थोडीफार पाहिली. या मुलांची सुट्टी स्टेपलर, स्कॅनर आणि अडखळणाऱ्या संकेतस्थळासमोर जाते.

चामटोलीच्या एका मुलीचा दिवस आम्हाला ठाऊक आहे. वडील नाक्यावरचे मजूर, आई बदलापुरात चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. गावाला रेल्वे स्थानक नाही. सकाळी पाणी भरून, डबा घेऊन, शेअर रिक्षाने बदलापूर गाठायचे आणि कर्जतहून भरून आलेल्या लोकलमध्ये स्वतःला कोंबायचे. दहाच्या आत टेबलावर. मग दिवसभर तेच प्रश्न आणि तीच उत्तरे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली का? गुणपत्रिका कुठे? शाळा सोडल्याचा दाखला मूळ आहे की झेरॉक्स? उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा आहे, पण मुदत संपली. जातीचा दाखला वडिलांचा आणला, स्वतःचा कुठे आहे? आधार बँकेला जोडले का? ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो फोन बापाकडे, आणि बाप कामावर! दुपारी वीज गेली की रांग चिडते आणि शिव्या खातात ही मुले. प्राचार्यांना कोणी शिव्या देत नाही. संध्याकाळी सहा-सातला सुटका. पाऊस लागला आणि गाड्या थांबल्या तर घर गाठायला रात्र होते. नदी फुगली म्हणून प्रवेशाची मुदत थांबत नाही.

याबद्दल मिळते काय? आम्ही विचारले. कुठे ‘कमवा व शिका’ योजनेतून तासाप्रमाणे थोडे मानधन. कुठे चहा-वडापाव आणि शेवटी एक प्रमाणपत्र. आणि कुठे सरळ सांगितले जाते की तुमचे राष्ट्रीय सेवा योजनेचे तास यात धरू! दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावी, असा त्या योजनेचा दंडक आहे. १९६९ साली ही योजना सुरू झाली ती विद्यार्थ्याने गावात, वस्तीत जाऊन समाज पाहावा म्हणून. कार्यालयातल्या रिकाम्या खुर्च्या फुकटात भराव्यात म्हणून नव्हे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत ही मुलगी आमच्याकडे आली. “जय भीम, वकीलसाहेब,” म्हणाली आणि थोडा वेळ गप्पच बसली. घडले ते असे. तिच्या टेबलासमोर एक मुलगा आला. आपल्याच समाजातला, आई एकटी कमावणारी. कागद सारे ठीक. आतून निरोप आला, ‘आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ.’ मुलगा परत फिरला. ही उठली, त्याला थांबवले आणि सांगितले की अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्याकडे प्रवेशाच्या वेळी अशी फी मागू नये, असे शासनाने परिपत्रके काढून वारंवार बजावले आहे. तू लेखी अर्ज दे आणि पोच घे. मुलाने अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी हिला सांगण्यात आले, ‘उद्यापासून येऊ नकोस.’

आम्ही त्या महाविद्यालयाला पत्र लिहिले. मुलाचा प्रवेश झाला. पण हिच्या कामाच्या पैशाचे काय? कार्यालयाने उत्तर दिले की ती ‘स्वयंसेवक’ होती. हजेरीपट नाही, नेमणुकीचा कागद नाही, तोंडी कबूल केलेल्या रकमेचा कुठे उल्लेख नाही. कागदच नाही तर वकील काय लढणार? ज्या मुलीने शेकडो जणांचे कागद तपासले, तिच्या स्वतःच्या श्रमाचा एकही कागद नव्हता!

वाचकहो, बिनमोबदल्याच्या कामाला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे. वेठ. आपल्या आज्या-पणज्यांनी ती केली. गावकीची कामे, सरकारी टपाल पोचवणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, आणि बदल्यात बलुत्याची भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते ही वेठ मोडण्यासाठी. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. दरम्यान घटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, एशियाड स्पर्धेच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, या अनुच्छेदाचा अर्थ आणखी स्पष्ट केला. पोटाच्या गरजेपोटी कोणी किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबत असेल, तर तेही सक्तीचे श्रमच होत, असे न्या. भगवती यांच्या खंडपीठाने सांगितले. सक्तीसाठी चाबूक लागत नाही. गरज पुरते.

किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात एप्रिल १९४६ मध्ये आले. तेव्हा मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यातून १९४८ चा कायदा झाला. त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून ती किमान वेतनाचे तत्त्व सर्व रोजगारांना लावते. महाविद्यालयात काम करणारा विद्यार्थी या कायद्यात ‘कर्मचारी’ ठरतो की नाही, यावर वकील वाद घालतील. घालू द्या. पण दिवसभर राबवून घ्यायचे आणि पैसे मागितले की ‘तू तर विद्यार्थी’ म्हणायचे, ही पळवाट ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९६४ पासून केंद्र सरकारची योजना आहे. गरजू विद्यार्थी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कार्यालयात, प्रवेश विभागातही काम करतात आणि त्यांना किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली दाखल झाले, त्याच विद्यापीठाच्या प्रकरणात तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने ऑगस्ट २०१६ मध्ये निर्णय दिला की शिकवण्यात आणि संशोधनात साहाय्य करणारे विद्यार्थी हे कर्मचारीही आहेत आणि त्यांना संघटना करण्याचा हक्क आहे. त्यानंतरही विद्यापीठ सहज नमले नाही. विद्यार्थी-कामगारांनी संप केला, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये करार झाला. विद्यार्थी असणे आणि कामगार असणे या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे तिथे मान्य झाले.

परदेशात तरी कशाला जावे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहिली, एकत्र जेवली, राबली आणि शिकली. १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले ते याच ‘कमवा व शिका’च्या पायावर. त्या योजनेत ‘कमवा’ हा शब्द आधी येतो! आज अनेक ठिकाणी ‘कमवा’ गळून पडले आहे आणि ‘राबा व शिका’ एवढेच उरले आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले. कारण मुलांना नोकरी करून शिकायचे होते. विद्यार्थ्याच्या पोटाचा विचार करून महाविद्यालयाचे घड्याळ लावणारा तो संस्थापक होता.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या मुलांनी ते टेबल सोडावे, असे आम्ही म्हणणार नाही. उलट ते टेबल फार महत्त्वाचे आहे. १९१७ साली बडोद्याच्या कार्यालयात शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर लांबून फायली फेकत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. आज चामटोलीची मुलगी सर्व जातींच्या मुलांच्या फायली हाताने उघडते, तपासते, शिक्का मारायला पुढे सरकवते. हे शंभर वर्षांच्या लढ्याचे फळ आहे. आणि आपल्या मुलांचे हक्क कागदावर मिळतात ते संसदेत, पण प्रत्यक्षात मिळतात किंवा बुडतात ते याच खिडकीवर. अनुसूचित जातींसाठीची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. डिसेंबर २०२० च्या निर्णयानंतर केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातला शुल्काचा भाग त्यानेच महाविद्यालयात भरायचा असतो. हे किती पालकांना माहीत आहे? खाते आधारला जोडलेले नसेल तर पैसा अडकतो, हे कोण सांगणार? दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले म्हणजे सवलत गेली, असे आजही एखादा कारकून ठणकावून सांगतो. तेव्हा १९९० साली कायदा होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला आहे, हे तिथल्या तिथे कोण सांगणार? खिडकीच्या आत बसलेले आपले मूल सांगेल. पण त्याला कायदा माहीत असला पाहिजे आणि खरे बोलल्याबद्दल त्याला कोणी हाकलू शकणार नाही, अशी व्यवस्था असली पाहिजे.

इथे आम्हाला स्वतःच्या चुकीचीही कबुली द्यायची आहे. त्या मुलीचा आम्ही विहारात सत्कार केला. शाल दिली, टाळ्या वाजवल्या, भाषणे झाली. कार्यक्रम संपल्यावर तिची आई आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “साहेब, शाल चांगली आहे. पण तिच्या पुढच्या वर्षाच्या पासाचे पैसे त्या कामातून निघणार होते.” आम्हाला उत्तर सुचले नाही. त्याआधीच्या जूनमध्ये आमच्याच मार्गदर्शन शिबिरात याच मुलीने दोन रविवार बसून वस्तीतल्या मुलांचे अर्ज भरले होते. मंडपवाल्याला आम्ही पैसे दिले, माइकवाल्याला दिले. तिला रिक्षाभाडेही विचारले नाही. ‘समाजाचे काम’ म्हटले की मोबदला विचारायचा नसतो, ही सवय आपल्यातही मुरली आहे. समाजाला देण्याची ऐपत असलेल्याने वेळ द्यावा, हे ठीक. पण जिच्या घरी महिन्याचा हिशेब जुळत नाही, तिच्या श्रमावर आपण दानशूर व्हायचे, हे कुठल्या आंबेडकरवादात बसते?

म्हणून आमच्या मागण्या दोन्हीकडे आहेत. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या काळात विद्यार्थ्यांना कामाला घेतले, तर नेमणुकीचे पत्र द्यावे, हजेरीपट ठेवावा, किमान वेतनाच्या दराने तासाचे पैसे बँकेत जमा करावेत. रात्री उशीर झाला तर मुलींच्या परतीची जबाबदारी घ्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे तास कार्यालयीन कामाला वापरू नयेत. शुल्काविषयीची शासनाची परिपत्रके खिडकीच्या बाहेर मोठ्या अक्षरांत लावावीत. समान संधी केंद्राने या मुलांना कामावर बसवण्याआधी शिष्यवृत्तीचे नियम शिकवावेत.

आणि आपण? प्रत्येक विहाराने मे महिन्यातच दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर परिसरात वकील आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त तहसील कर्मचारी आहेत. त्यांनी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, महाडीबीटीचा अर्ज हे सारे मुलांना शिकवावे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जुलैत धावण्यापेक्षा मे महिन्यात जावे. जयंतीच्या वर्गणीतून एक छोटा हिस्सा या मुलांच्या मानधनासाठी काढून ठेवावा. डीजेचा एक तास कमी झाला तर जयंतीचे काही बिघडणार नाही. आणि कामाला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. किती वाजता आलो, किती वाजता गेलो, कोणी काय कबूल केले, हे त्यात रोज लिहायला सांगावे. न्यायालयात कधीकधी एवढी वहीसुद्धा उपयोगी पडते.

आमच्या विहारात गेल्या वर्षीपासून ही सुरुवात झाली आहे. अर्ज भरणाऱ्या मुलांना तासाचे पैसे दिले. रक्कम मोठी नाही, पण यादीत नाव आहे आणि नावापुढे सही आहे. पहिली सही त्या चामटोलीच्या मुलीची आहे. आता ती तिसरे वर्ष पास झाली असून तिला कायद्याला जायचे आहे. पाकीट हातात घेताना ती म्हणाली, “वकीलसाहेब, पावती द्या ना. माझ्याकडे कागद राहू दे.”

आम्ही पावती लिहून दिली. जय भीम!