ताळा जमेपर्यंत

सैद्धांतिक भौतिकीच्या खोलीत पाहण्यासारखं फारसं काही नसतं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, इमारतीत शिरताना हुसेनचं भलंमोठं भित्तिचित्र दिसतं, पलीकडे हिरवळ, त्यापुढे समुद्र. पण थिअरीवाल्यांच्या एखाद्या खोलीत जाऊन बसलं, की फळा, खडूची भुकटी, दोन पडदे आणि तिसरीकडेच बघत बसलेला माणूस. उपकरण नाही, ठोकाठोक नाही. एमएस्सीच्या वर्गातली माझी एक मैत्रीण हेच काम करते: एक कण मोडून त्याचे दुसरे कण होतात तेव्हा ते किती वेळाने होतात, कोणत्या प्रमाणात, कोणाच्या वाट्याला किती ऊर्जा येते, याचा हिशोब. तिच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी अधूनमधून जाऊन बसू लागले. पहिल्या तासाभरानंतर तिला माझा विसर पडायचा, आणि मला तेच हवं होतं.

तेव्हा तिच्याकडे एक नवा पीएचडीचा विद्यार्थी आला होता. नव्या मुलाला ती लगेच नवा प्रश्न देत नाही, सुटलेला देते. याला दिला होता म्युऑनच्या आयुर्मानाचा, पहिल्या दुरुस्तीसकट. किनोशिता आणि सर्लिन यांनी १९५९ मध्येच हे गणित छापलंय. "उत्तर बघून घे खुशाल," ती म्हणाली. "मला मधले कागद दाखव."

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ. वजनाने सुमारे २०७ पट, बाकी स्वभाव तोच. सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो आणि एक इलेक्ट्रॉन व दोन न्यूट्रिनो मागे ठेवून जातो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. तरी कित्येक किलोमीटर उंचीवर तयार झालेले म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात. वेगाने धावणाऱ्या अशा कणाचं आयुष्य सापेक्षतावादानुसार आपल्याला लांबलेलं दिसेल, हे १९३८ मध्ये होमी भाभांनीच दाखवून दिलं होतं.

फर्मीच्या १९३४ च्या सिद्धांतात क्षयात भाग घेणारे चारही कण एकाच बिंदूत भेटतात. त्यातून निघणारं सूत्र एका ओळीचं आहे: क्षयाचा दर म्हणजे फर्मी स्थिरांकाचा वर्ग गुणिले वस्तुमानाचा पाचवा घात, भागिले १९२ वेळा पायचा घन. मुलाने फळ्यावर आकडे घातले आणि २.१८७ मायक्रोसेकंद काढून दाखवले. प्रयोगात येतात २.१९७. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मला वाटलं, झालं की! तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

तिच्या या कोरडेपणाला कारण होतं. फर्मी स्थिरांक आपल्याला कळतो तोच मुळी म्युऑनच्या आयुर्मानावरून. म्हणजे हे भाकीत नव्हे, वजनकाट्याचं माप पक्कं करण्याचं काम आहे. इथे पक्कं झालेलं माप मग डब्ल्यू बोसॉनच्या वस्तुमानासारख्या भाकितांत वापरतात. २०२२ मध्ये सीडीएफ गटाने डब्ल्यू अपेक्षेपेक्षा जड असल्याचं सांगितलं, २०२४ मध्ये सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाला तो अपेक्षेइतकाच सापडला. या वादात 'अपेक्षित' म्हणून जो आकडा फिरत होता, त्याच्या तळाशी म्युऑनचं हे आयुष्य होतं.

पाचव्या घाताची खरी परीक्षा घ्यायची असेल तर टाऊकडे जावं लागतं. टाऊ हा याच घराण्यातला सर्वांत जड, म्युऑनच्या १६.८२ पट. त्याचा पाचवा घात साधारण साडेतेरा लाख. म्युऑनच्या आयुष्याला त्याने भागलं, आणि टाऊचे जेमतेम १७.८ टक्के क्षयच इलेक्ट्रॉनच्या वाटेने होतात म्हणून तेवढा वाटा धरला, की येतात २.९१ गुणिले दहाचा उणे तेरावा घात इतके सेकंद. मोजलेलं आयुष्य २.९० च्या आसपास आहे. हे मी स्वतः मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. दोन कणांच्या आयुष्यांत सत्तर लाखांहून जास्त पटीचं अंतर, आणि दोघांना एकच स्थिरांक पुरतो! हे बघून तरी ती हसली.

आता दुरुस्ती. म्युऑन आणि इलेक्ट्रॉन दोघेही विद्युतभारित, त्यामुळे क्षय होताना त्यांच्यात फोटॉनची देवघेव होते. फळ्यावर आकृत्या आल्या. एकीत फोटॉन म्युऑनपासून इलेक्ट्रॉनपर्यंत जातो. दोन आकृत्यांत तो ज्याच्यातून निघाला त्याच्यातच परत शिरतो. आणखी दोन आकृत्यांत तो परत येतच नाही, खराखुरा बाहेर पडतो. आकृतीतली प्रत्येक रेघ म्हणजे एक गुणक, प्रत्येक सांधा म्हणजे एक मॅट्रिक्स. सगळ्याचा वर्ग करायचा, स्पिनवर बेरीज घ्यायची, मॅट्रिक्सच्या लांबलचक गुणाकारांचे ट्रेस काढायचे. हे आता फॉर्म नावाची प्रणाली करते, नेदरलँड्समधल्या फेरमासेरन यांनी १९८९ च्या सुमारास बाहेर आणलेली. पण पहिला ट्रेस हाताने, हा तिचा दंडक.

क्षयाच्या सांध्यावर कोणतं मॅट्रिक्स बसवायचं हे १९५७ पर्यंत नक्की नव्हतं. ते नक्की केलं सुदर्शन आणि मार्शाक यांनी. सुदर्शन रॉचेस्टरला जाण्याआधी याच टीआयएफआरमध्ये होते. फाइनमन आणि गेल-मान यांचा निबंध १९५८ च्या आरंभी छापून आला आणि पाठ्यपुस्तकांत बराच काळ त्यांचंच नाव पुढे राहिलं. तिच्याकडे शिकणाऱ्याला मात्र आधी सुदर्शन सांगावा लागतो.

खरी गंमत यापुढे सुरू होते, कारण यातली जवळपास प्रत्येक आकृती स्वतंत्रपणे अनंत उत्तर देते. तेही दोन्ही टोकांना: फोटॉनची ऊर्जा बेसुमार वाढली तरी, आणि शून्याकडे गेली तरी. यासाठी युक्ती अशी की चार मितींऐवजी चार वजा दोन एप्सिलॉन मितींत इंटिग्रल करायचं. अनंत मग 'एक भागिले एप्सिलॉन' अशा रूपात कागदावर उघडे बसतात आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करता येते. वरच्या टोकाचे अनंत सुदर्शन-मार्शाक यांच्या रचनेत आपापसात मिटतात, कारण तिथे म्युऑन आणि इलेक्ट्रॉन एकाच प्रवाहात बांधता येतात. न्यूट्रॉनच्या क्षयात ही सोय नाही, तिथे फर्मीचा सिद्धांत हात वर करतो.

खालच्या टोकाची गोष्ट अधिक विलक्षण. ज्या फोटॉनला जवळपास ऊर्जाच नाही, तो बाहेर पडला काय अन् न पडला काय, कोणत्याही उपकरणाला कळणार नाही. म्हणून 'फोटॉन परत आला' आणि 'फोटॉन सुटला' या दोन्ही हिशोबांची बेरीज करावीच लागते. दोन्ही वेगवेगळे अनंत, चिन्हं विरुद्ध. बेरजेत दोघेही गायब. ब्लॉख आणि नॉर्डसीक यांना हे १९३७ मध्येच उमगलं होतं. किनोशितांना याच म्युऑनच्या गणितात आणखी एक गायब होणारी वस्तू सापडली. मधल्या पायऱ्यांवर इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचा एक लॉगरिदम सतत आडवा येतो, इलेक्ट्रॉन हलका मानत जाल तसा फुगणारा. विशिष्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन किती, असं विचारलं तर तो उत्तरात राहतो. एकूण क्षय किती, असं विचारलं तर पुसला जातो. यातूनच पुढे १९६२ ते १९६४ मध्ये किनोशिता आणि ली-नॉएनबर्ग यांचं प्रमेय उभं राहिलं.

तिच्या खोलीत बसून मला हळूहळू लक्षात आलं की या धंद्यात भरवसा ठेवला जातो तो उत्तरात काय येतं यापेक्षा काय येत नाही यावर. गणिताच्या सुरुवातीला ती मुद्दाम एक निरर्थक आकडा आत सोडते: गेजचा पॅरामीटर, ज्याला निसर्गात काही अर्थ नाही. तो शेवटपर्यंत वागवल्याने पानं दुप्पट होतात. शेवटी तो आपोआप नाहीसा झाला तर ठीक, त्याचा तुकडा जरी उरला तरी मागे जायचं. एप्सिलॉनचंही तसंच. बाहेरच्या माणसाला हे वेळखाऊ वाटेल. मला तर वाटतं, प्रयोगशाळा नसलेल्या माणसाने स्वतःसाठी उभी केलेली ही प्रयोगशाळाच आहे.

एका दुपारी मुलाचा अनंत उरला. तो कागद घेऊन आला, चेहरा पडलेला. "मॅडम, पोल कॅन्सल होत नाहीये."

"किती उरलाय?"

"तीन भागिले एप्सिलॉन."

तिने कागद हातातही घेतला नाही. "बाहेरच्या पायांची सेल्फ-एनर्जी पूर्ण घेतलीस. अर्धी घ्यायची."

म्युऑनचं अर्धं, इलेक्ट्रॉनचं अर्धं; त्याने दोन्ही पूर्ण धरले होते आणि वरचा तीन तिथूनच आला होता. अशा उरलेल्या तुकड्यांचे चेहरे तिला पाठ आहेत. ही विद्या कोणत्या पुस्तकात लिहिलेली नसते, आणि ती गटातल्या गटातच एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

पण सगळ्याच चुका अशा बोलत नाहीत. चिन्हाची चूक अनेकदा मुकी असते. म्युऑनच्या चुंबकीय गुणधर्माच्या गणितात एका छोट्या तुकड्याचं चिन्ह कित्येक वर्षं उलटं होतं. २००१ मध्ये ब्रुकहेवनच्या प्रयोगाने सिद्धांतापासून २.६ सिग्माची (सिग्मा म्हणजे अनिश्चिततेचं माप) तफावत जाहीर केली आणि निबंधांचा पाऊस पडला. त्याच वर्षी नेख्ट आणि निफेलर यांनी चिन्ह उलटं असल्याचं दाखवलं. हायाकावा आणि किनोशिता यांनी आपला कोड पुन्हा तपासला तेव्हा कळलं की दोन एप्सिलॉन टेन्सरांचा (मितींच्या एप्सिलॉनशी नावच तेवढं सारखं) गुणाकार फॉर्म ज्या संकेताने करते, त्यात आणि त्यांच्या संकेतात एका वजाचा फरक होता. त्यांनी ते छापून सांगितलं. तफावत १.६ वर आली. किनोशितांसारखा माणूस, ज्याने पुढे सहकाऱ्यांबरोबर १२,६७२ आकृत्यांचा एक हिशोब २०१२ मध्ये पुरा केला, त्यालाही एक वजा चकवून गेला.

त्यावर उपाय एकच: तेच गणित दोघांनी स्वतंत्रपणे करायचं, मधले कागद एकमेकांना न दाखवता. ती आणि तिचा परदेशातला सहकारी असंच करतात. दोघांची इंटिग्रल काढायची पद्धत वेगळी, कोड वेगळा. अनेक अंक जुळल्याशिवाय निबंधाचा मसुदाही सुरू होत नाही.

मुलाचा हिशोब अखेर सुटला. एवढ्या सगळ्या अनंतांतून शेवटी उरतं ते असं: अल्फा (विद्युत बलाची ताकद सांगणारा स्थिरांक) भागिले दोन पाय, गुणिले २५/४ वजा पायचा वर्ग. किंमत उणे ०.४२ टक्के. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाची बारीक दुरुस्ती धरून आयुर्मान २.१८८, आणि फोटॉनची ही दुरुस्ती लावली की २.१९७. त्याने फळ्यावर ते लिहिलं, फोटो काढला, आणि बहुधा घरी पाठवला.

दुसऱ्या दुरुस्तीला पुढे चाळीस वर्षं लागली. १९९९ मध्ये फान रिटबेर्खन आणि स्टुअर्ट यांनी ती पूर्ण केली. सिद्धांतातली अनिश्चितता त्यामुळे इतकी खाली आली की मोजमापच मागे पडलं, आणि आयुर्मान नव्याने मोजण्यात अर्थ निर्माण झाला. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत म्यूलॅन प्रयोगाने सुमारे दोन लाख कोटी म्युऑनचे क्षय टिपले आणि आयुर्मान दहा लाखांत एक भाग इतक्या अचूकतेने दिलं. हिशोबाने प्रयोगाला कामाला लावल्याचं एवढं सरळ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

तिसरी दुरुस्ती २०२० मध्ये कार्लस्रूहच्या फाएल, शोनवाल्ड आणि स्टाइनहाउझर यांनी काढली, तीही अशी उफराट्या बाजूने, की ऐकणाऱ्याने डोक्याला हात लावावा. त्यांनी सुरुवातीला क्षय होणारा कण आणि त्यातून निघणारा कण जवळपास सारख्याच वजनाचे मानले, आणि मग वजनातल्या फरकाच्या घातांची माळ वाढवत नेली. बॉटम क्वार्कमधून चार्म क्वार्क निघतो तिथे हे पटण्यासारखं आहे. म्युऑन आणि इलेक्ट्रॉनमध्ये २०७ पटीचा फरक, तरी माळ तिथेही पुरेशी आवरते.

बॉटममधून चार्म, हाच माझ्या मैत्रिणीचा आजचा विषय. जपानमध्ये त्सुकुबाला बेल-२ नावाचा प्रयोग चालतो, टीआयएफआरचा गट त्यात आहे, आणि त्या शोधकातल्या सिलिकॉनच्या चौथ्या थराच्या बांधणीत त्याचा हात आहे. बॉटमचं चार्म होण्याचं सामर्थ्य दोन रीतींनी काढता येतं. क्षयातून काय काय निघालं याची चौकशी न करता सगळ्यांची बेरीज घेतली, तर आकडा ०.०४२ च्या आसपास येतो. एकेक ठरावीक क्षय वेगळा काढून मोजला, तर बहुतेकदा ०.०३९ ते ०.०४० च्या घरात. दोन्हीकडच्या गणितांत गेज नाहीसा झालाय, एप्सिलॉन मिटलेत, स्वतंत्र कोड जुळलेत. आकडे मात्र कित्येक वर्षांत एक झालेले नाहीत. मी गेले त्या शेवटच्या आठवड्यात ती बेरजेच्या बाजूची एक नवी दुरुस्ती तपासत होती, आणि मुलाला पहिल्यांदाच खरा, न सुटलेला ट्रेस दिला होता. हाताने करायला.