तरुणांचा आतड्याचा कॅन्सर : इलाजाआधी विचारायचे प्रश्न



उसावरची लाल कूज आपणा सर्वांस ठाऊक आहे. फड लांबून हिरवागार दिसतो. शेंड्याकडचं तिसरं-चौथं पान पिवळं पडू लागतं, आणि कांडं उभं चिरून पाहावं तर आत लाल. पान पिवळं दिसताच जो कांडं चिरून पाहतो, त्याचा बाकीचा फड वाचतो. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचंही तसंच आहे. तो लवकर कळला तर बरा होतो. पण तरुण माणसात तो असेल अशी शंकाच कुणाला येत नाही, म्हणून उशीर होतो. त्याची माहिती सभासदांच्या घरोघर पोचावी, या हेतूने हा लेख दिला आहे.

मूळव्याध म्हणून सोडून देऊ नये

शौचावाटे रक्त पडलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो मूळव्याधीचा. मग कुणी सुरणाची भाजी सांगतं, कुणी आठवडेबाजारातल्या वैदूचं मलम. बहुतेक वेळा ती मूळव्याध असतेही. पण प्रत्येक वेळी असतेच असं नाही, आणि घरबसल्या ते ओळखता येत नाही.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली तरुण रुग्णांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. रोगाचं निदान होण्याच्या तीन महिने ते दोन वर्षं आधीपासून चार खुणा दिसत होत्या : शौचावाटे रक्त, पोटात दुखणं, लांबलेले जुलाब आणि लोह कमी पडून होणारा रक्तक्षय. यांत आणखी दोन गोष्टी धराव्यात. शौचाच्या सवयीत अचानक पडलेला फरक, आणि जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना.

यातलं काहीही दोन-तीन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासतात, त्याला दोन मिनिटं लागतात. गुदाशयातली पुष्कळशी गाठ या तपासणीतच हाताला लागते. डॉक्टरांनी न तपासता गोळ्या दिल्या, तर "साहेब, एकदा तपासून घ्या" असं आपणच म्हणावं. त्यात लाज कसली? पुढची पायरी दुर्बिणीची, म्हणजे कोलोनोस्कोपीची. आणि गाठ दिसली तर तिचा तुकडा काढून तपासण्याची.

हा म्हाताऱ्यांचाच रोग नव्हे

पाश्चात्य देशांत हा रोग बहुतांशी साठी-सत्तरीचा. आपल्याकडे एकंदर रुग्ण त्या मानाने कमी, पण त्यांत तरुणांचा वाटा मोठा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय होतं सुमारे ४७. तिकडेही आता तरुणांत हा रोग वाढतो आहे, म्हणून अमेरिकेने २०२१ मध्ये सरसकट तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर आहेत, आतड्याचा नाही. तेव्हा तिशीतल्या माणसासाठी वर सांगितलेल्या खुणा हीच काय ती घंटा.

उपचार सुरू होण्याआधी

निदान झालं की घरचे घाबरतात, आणि "काय ते लवकर उरका" म्हणतात. घाई रास्त आहे. पण सत्तरीच्या आजोबांचा इलाज आणि बत्तीस वर्षांच्या पोराचा इलाज यांत फरक आहे. पोराला पुढे चाळीस वर्षं काढायची असतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने २०१८ साली तरुणांच्या या कॅन्सरसाठी वेगळं केंद्र काढलं. शस्त्रक्रिया आणि औषधांबरोबर मूल, मन, नोकरी आणि वंशदोष यांची चौकशी तिथे एकत्र होते. आपल्याला हेच तुकड्यातुकड्याने जमवावं लागतं. म्हणून पुढील चार प्रश्न पहिला शेक किंवा पहिली सलाईन लागण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावेत.

१) पुढे मूल हवं असेल तर काय? कंबरेच्या भागाला दिलेल्या शेकाने, म्हणजे रेडिएशनने, स्त्रीबीजकोशांचं काम बंद पडू शकतं. पुरुषांच्या वीर्यावरही शेकाचा आणि केमोथेरपीचा परिणाम होतो. पुरुषाचं वीर्य आधी गोठवून ठेवता येतं, त्याला फार दिवस लागत नाहीत. स्त्रीची बीजं साठवता येतात, कधी बीजकोश शस्त्रक्रियेने शेकाच्या टप्प्याबाहेर सरकवून ठेवता येतात. हे सारं अगोदरच व्हावं लागतं. डॉक्टर घाईत विसरले तर आपण विचारावं. लग्न झालेलं नसेल तरीही विचारावं.

२) पोटावर पिशवी लागेल का, आणि ती कायमची की तात्पुरती? गुदाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा आतड्याचं तोंड पोटावर काढतात. सांधा भरून आला की काही महिन्यांनी ते बंद करता येतं. गाठ अगदी खाली असेल तर ते कायमचं राहतं. त्या तोंडाची जागा शस्त्रक्रियेआधी, रुग्णाला बसवून आणि उभं करून, पेनाने आखून घ्यावी. पँटचा पट्टा किंवा साडीची गाठ नेमकी तिथेच आली तर रोजचा त्रास होतो.

३) गाठीच्या तुकड्याची 'एम.एम.आर.' तपासणी झाली का? तरुणपणी होणाऱ्या या रोगात काही घराण्यांत वंशदोष असतो, तो या तपासणीने सुचतो. काही रुग्णांत त्यावरून औषधही बदलतं. शिवाय भावंडांना सावध करता येतं. साधारण नियम असा की, घरातल्या रुग्णाला जितक्या वर्षी रोग झाला त्याच्या दहा वर्षं आधी, किंवा चाळिशीत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सख्ख्या नात्यातल्यांनी दुर्बिणीची तपासणी करावी. थोरल्याला ३६ व्या वर्षी झाला, तर धाकट्याने २६ व्या वर्षी. वंशदोष सापडला तर त्याहूनही लवकर लागते.

४) सगळा इलाज मुंबईलाच घ्यावा लागेल का? शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रात आणि ठरवून दिलेली केमोथेरपी गावाजवळ, अशी विभागणी पुष्कळदा करता येते. शेत, दूध, पोरांची शाळा सांभाळणाऱ्याला हा फरक मोठा असतो.

पिशवी आणि खान्देशचा उन्हाळा

पिशवीने अंघोळ, भाकरी, मोटारसायकल, संसार यांतलं काही सुटत नाही. शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन महिने मात्र पोती आणि उसाच्या मोळ्या उचलू नयेत, हर्निया होतो. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी. आपल्याकडे वैशाखात पारा ४४ च्या वर जातो. घामाने पिशवीची चकती सुटते, म्हणून कातडी कोरडी करून मगच ती लावावी, आणि जादा पिशव्या उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. लहान आतड्याचं तोंड काढलेलं असेल तर अंगातलं पाणी आणि मीठ भराभर जातं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, ओ.आर.एस.चं पाणी जवळ हवं. अशा रुग्णांनी एकमेकांना आधार देण्यासाठी मुंबईत १९७५ सालापासून ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काम करते. जो स्वतः पिशवी वापरतो त्याच्याशी एकदा बोलणं झालं, की तरुण रुग्णाची अर्धी भीती उतरते.

पैसा आणि मुक्काम

राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. जळगावला ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. जुलै २०२४ पासून दर कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' यांस भेटावे. जमीन गहाण टाकण्याआधी ही चौकशी करावी.

रेल्वेने उपचारासाठी जाता-येता कॅन्सर रुग्णास स्लीपरमध्ये व थ्री-टायर ए.सी.त भाडे माफ आहे, सोबतच्या एकास ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे रुग्णालयाच्या चिठ्ठीवर चौकशी करावी.

घरच्यांस आणि गावास

हा रोग एकमेकांस लागत नाही. रुग्णाचं ताट वेगळं करू नये. सोयरीक मोडेल म्हणून घरातला आजार लपवला, तर धाकट्या भावंडांची तपासणीही राहून जाते आणि नुकसान दुप्पट होतं. अमेरिकेतील आकडे पाहता, आतड्यापुरताच असताना सापडलेल्या या रोगाचे दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तेव्हा घाबरून लपवण्यापेक्षा लवकर दाखवण्यात शहाणपण आहे.

आमची विनंती एवढीच की हे पान घरी मोठ्याने वाचावं, आणि ऊसतोडीच्या टोळ्यांनाही सांगावं. त्यांच्यातली बरीच माणसं तरुणच आहेत, आणि फडावर असताना दुखणं अंगावर काढायची सवय त्यांना फार.