भोरचा मतदारसंघ, मुळशीचा कौल

विधानसभेच्या यादीत २०३ क्रमांकाच्या मतदारसंघाचे नाव भोर असले तरी त्यात भोर, वेल्हे (आता राजगड) आणि मुळशी असे तीन तालुके येतात. भोरच्या दक्षिण टोकाला महाबळेश्वरच्या डोंगररांगा, तर मुळशीच्या उत्तर टोकाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती. मधल्या पट्ट्यात भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि मुळशी ही धरणे आणि त्यांच्या पाणलोटातल्या विखुरलेल्या वाड्या आहेत. एकाच आमदाराला रायरेश्वराच्या पठारावरच्या वस्तीचेही प्रतिनिधित्व करायचे असते आणि बावधनच्या बहुमजली सोसायट्यांचेही. या मतदारसंघाचे निकाल वाचताना ही भौगोलिक ओढाताण विसरली, तर आकडे नुसतेच आकडे राहतात.

मुळशी नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ २००४ च्या निवडणुकीपर्यंत अस्तित्वात होता. त्या शेवटच्या निवडणुकीत शिवसेनेचे शरद ढमाले तिथून निवडून आले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे केलेली पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली आणि मुळशी हे नाव यादीतून गेले. राज्यातल्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण पुणे जिल्ह्याच्या १८ जागांच्या २१ झाल्या. वाढीव जागा शहराच्या वाट्याला गेल्या आणि ग्रामीण पट्ट्यातला एक जुना मतदारसंघ शेजारच्या मतदारसंघात विलीन झाला. त्यामुळे पौड, रिहे, मुठा, मोसे आणि कोळवण खोऱ्यांतल्या गावांना आमदार निवडताना घाट ओलांडून भोरकडे पाहावे लागू लागले.

ज्या लोकसंख्येवर ही आखणी झाली, ती लवकरच शिळी झाली. २००१ मध्ये मुळशी तालुक्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या किंचित वर होती, तर भोरची १ लाख ७० हजारांच्या पुढे. दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, मुळशी १ लाख ७१ हजारांवर गेला आणि भोर १ लाख ८६ हजारांवर थांबला. वेल्हे तालुका तर साडेचोपन्न हजारांवर आला; तिथली लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटलीच. म्हणजे मुळशी सुमारे एक तृतीयांशाने वाढला, भोर जेमतेम आठ टक्क्यांनी. हिंजवडी, माण, मारुंजी, पिरंगुट, भूगाव, सूस, म्हाळुंगे या गावांची खरी वाढ त्यानंतरची आहे आणि तिची मोजदाद जनगणनेत अजून आलेली नाही. ती दिसते मतदार यादीत. २०२४ मध्ये भोर मतदारसंघाची यादी सव्वाचार लाखांच्या पुढे गेली होती. राज्याची सरासरी मतदारसंघामागे सुमारे ३ लाख ३७ हजारांची. त्याच जिल्ह्यातला कसबा पेठ मतदारसंघ तीन लाखांच्या आत, तर चिंचवड साडेसहा लाखांच्या पुढे. एका मताचे वजन सगळीकडे सारखे असावे हे तत्त्व पुनर्रचनेमागे असते, पण पुण्याच्या भोवतालच्या पट्ट्यात ते तत्त्व कागदावरच उरले आहे.

पुनर्रचनेनंतरच्या पहिल्या तीन निवडणुका काँग्रेसचे संग्राम थोपटे यांनी जिंकल्या. त्यांचे वडील अनंतराव थोपटे भोरमधून सहा वेळा आमदार झालेले. राजगड सहकारी साखर कारखाना आणि गावोगावचा जुना कार्यकर्ता ही घराण्याची ताकद. मात्र या तिन्ही विजयांची जातकुळी एक नाही. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही मोडल्या, चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले. थोपटे यांना ७८,६०२ मते पडली, शिवसेनेचे कुलदीप कोंडे यांना ५९,६५१. मताधिक्य १८,९५१ चे, पण विजयी उमेदवाराची मते झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून बरीच कमी. राष्ट्रवादीच्या उमेदवाराने सुमारे पन्नास हजार मते घेतली होती. २०१९ मध्ये राष्ट्रवादी आघाडीत परतली, तेव्हा कागदावरची बेरीज सव्वा लाखाच्या पुढे जायला हवी होती. प्रत्यक्षात थोपटे यांना १,०८,९२५ मते मिळाली आणि युतीचे उमेदवार असलेल्या कोंडे यांच्यावरचे मताधिक्य नऊ हजारांच्या आसपास उतरले. आघाडीत नेत्यांची बेरीज होते, मतांची होतेच असे नाही. भोरचे थोपटे आणि बारामतीचे पवार यांच्यातला जुना दुरावा लक्षात घेतला, तर राष्ट्रवादीची सगळी मते काँग्रेसच्या पंजावर पडली नसतील, हे मानायला हरकत नाही.

हा दुरावा मिटवण्याचा प्रयत्न २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी झाला. शरद पवार अनंतराव थोपटे यांच्या घरी गेले आणि त्या भेटीची चर्चा जिल्हाभर झाली. भोर बारामती लोकसभा मतदारसंघात येतो. तिथे सुप्रिया सुळे यांना ७,३२,३१२ आणि सुनेत्रा पवार यांना ५,७३,९७९ मते मिळाली. फरक १,५८,३३३ चा. त्यातले चाळीस हजारांहून अधिक मताधिक्य एकट्या भोर विधानसभा क्षेत्राचे होते. तेव्हा महाविकास आघाडीच्या लोकांनी विधानसभेची जागा खिशात आहे असे धरले असेल, तर त्यात नवल नव्हते.

पुढच्या सहा महिन्यांच्या आत चित्र उलटले. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले, २३ ला मोजणी. अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे शंकर मांडेकर यांना १,२६,४५५ मते आणि संग्राम थोपटे यांना १,०६,८१७. मताधिक्य १९,६३८. मांडेकर मुळशीचे. निवडणुकीच्या अगदी तोंडावर ते शिवसेनेच्या ठाकरे गटातून अजित पवारांकडे आले आणि उमेदवारी घेऊन उभे राहिले. शिवाय महायुतीत दोन बंडखोर होते: शिंदे गटाचे कुलदीप कोंडे आणि भाजपचे किरण दगडे. दोघेही अपक्ष लढले आणि दोघांनीही पाच आकडी मते घेतली.

या निकालाचा सर्वांत बोलका भाग जिंकलेल्या उमेदवाराच्या रकान्यात नाही, हरलेल्याच्या रकान्यात आहे. पाच वर्षांत थोपटे यांची मते फक्त २,१०८ ने कमी झाली. पंधरा वर्षांच्या सत्तेनंतर एवढी पडझड म्हणजे काहीच नाही; जुना मतदार जवळजवळ जागच्या जागी राहिला. बदलले ते एकूण मतदान. यादी वाढली, मतदानाचा टक्का वाढला आणि वाढलेली मते दुसऱ्या बाजूला पडली. बंडखोरांमुळे महायुतीची मते फुटतील आणि थोपटे यांचे काम सोपे होईल, हा हिशेब चुकला, कारण फुटूनही उरलेली मते पुरेशी होती. मांडेकर यांच्या विरोधात पडलेली मते त्यांच्या स्वतःच्या मतांपेक्षा जास्त असूनही ते जवळपास वीस हजारांनी जिंकले. मुळशीच्या भूमिपुत्राला आमदारकी, ही गावोगावच्या चावड्यांवरची भाषा तालुक्याच्या मताधिक्यात उतरली.

बंडखोरांच्या दृष्टीने आणखी एक हिशेब महत्त्वाचा ठरतो, अनामत रकमेचा. विधानसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० रुपये भरावे लागतात. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर ती रक्कम जप्त होते. भोरसारख्या मोठ्या मतदारसंघात ही रेषा चाळीस हजारांच्या वर जाते. छोट्या मतदारसंघात मानाने तिसरा येणारा उमेदवार इथे तेवढीच मते घेऊन डिपॉझिट गमावतो.

भोरचा निकाल एकटा नव्हता. जिल्ह्यातल्या २१ पैकी १८ जागा महायुतीने जिंकल्या: भाजप ९, राष्ट्रवादी ८, शिवसेना १. महाविकास आघाडीला खेड आणि वडगाव शेरी या दोनच जागा मिळाल्या आणि जुन्नरला अपक्ष शरद सोनवणे निवडून आले. काँग्रेसच्या हातातल्या भोर, पुरंदर आणि कसबा या तिन्ही जागा गेल्या. जिल्ह्यात तिचा एकही आमदार उरला नाही. राज्यात भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरे गट २०, काँग्रेस १६, शरद पवार गट १०.

मतांची टक्केवारी मात्र वेगळे बोलते. काँग्रेसला १२.४२ टक्के मते आणि १६ जागा, तर शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के आणि ५७ जागा. शरद पवार गटाला ११.२८ टक्के मतांवर १० जागा, अजित पवार गटाला ९.०१ टक्क्यांवर ४१. हे आकडे पाहून लगेच अन्यायाचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शरद पवार गट ८६ जागा लढला, अजित पवार गट ५९. जास्त ठिकाणी उभे राहिल्यावर टक्केवारी फुगतेच. तरीही सर्वाधिक मते त्याची जागा या पद्धतीत एका बाजूची लाट कशी दामदुप्पट होते, ते इथे स्वच्छ दिसते.

मतदानाचा टक्का हा स्वतंत्र विषय. राज्यात २०१९ मध्ये ६१.४४ टक्के मतदान झाले होते, २०२४ मध्ये ते ६६.०५ टक्क्यांवर गेले. १९९५ नंतरचे हे सर्वाधिक. पुरुषांचे मतदान ६६.८४ टक्के, महिलांचे ६५.२२. पाच वर्षांपूर्वी महिला साडेतीन टक्क्यांनी मागे होत्या, आता दीड टक्क्याच्या आसपास. जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना त्यामागे होती, असे सत्ताधारी सांगतात आणि विरोधकही नाकारत नाहीत. ती एकमेव कारण होती असे मात्र आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही.

राज्याची यादी ९,७०,२५,११९ मतदारांची होती आणि सर्वाधिक मतदार पुणे जिल्ह्यात, ८८ लाखांहून अधिक. लोकसभा ते विधानसभा या काही महिन्यांत राज्यातले मतदार सुमारे ४० लाखांनी वाढले. आधीच्या पाच वर्षांत एवढी वाढ झाली नव्हती, यावर काँग्रेसने बोट ठेवले. संध्याकाळी पाचच्या ५८.२२ टक्क्यांवरून अंतिम आकड्यापर्यंतची उडीही वादात आली. पाचनंतर रांगेत असलेल्यांचे मतदान आणि आकडे गोळा होण्याला लागणारा वेळ, हे निवडणूक आयोगाचे उत्तर होते. वाद दोन्ही बाजूंनी राज्यपातळीवरच्या बेरजांवर लढला गेला. खरी तपासणी केंद्रपातळीवरच होऊ शकते.

त्यासाठीची कागदपत्रे नियमातच आहेत. मतदान संपले की केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो: केंद्रावरचे एकूण मतदार, नोंदवहीप्रमाणे मतदान केलेले, यंत्रात नोंदलेली मते, मोहरांचे क्रमांक. त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. ताम्हिणीच्या बाजूच्या एखाद्या दुर्गम वाडीत तो कागद उजेड असेपर्यंत भरून होतो; हिंजवडीच्या शाळेत रांग संपेपर्यंत अंधार पडलेला असतो. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा १७-सीशी जुळवायचा आणि मग उमेदवारनिहाय मते लिहायची. सगळ्या केंद्रांची एकत्रित बेरीज नमुना २० मध्ये येते आणि तोच अंतिम निकालपत्रक. शिवाय प्रत्येक मतदारसंघातल्या चिठ्ठीद्वारे निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात.

नमुना २० ला दुसरी बाजूही आहे. केंद्रनिहाय आकडे जाहीर होत असल्याने कोणत्या गावाने कोणाला लीड दिली हे लगेच कळते. शेदोनशे मतांच्या वाडीत तर कोणत्या आळीने काय केले याचाही अंदाज बांधता येतो. रस्ता, पाण्याची योजना, सभामंडप मागायला गेलेल्या सरपंचासमोर तो कागद उघडला जातो, हे ग्रामीण राजकारणातले उघड गुपित आहे. अनेक यंत्रांची मते एकत्र करून मोजणारे टोटलायझर वापरावे अशी सूचना निवडणूक आयोगाने केली होती, विधी आयोगाने २०१५ मध्ये तिची शिफारसही केली. ती अमलात आलेली नाही. गुप्त मतदान व्यक्तीचे राहिले, गावाचे राहिले नाही.

मुळशीच्या शहरी पट्ट्यात अडचण नेमकी उलटी आहे. तिथे मतदार ओळखीचाच नाही. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान संकुलात काम करणाऱ्या कितीतरी जणांचे नाव अजून मूळ गावच्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या यादीत असते. भाड्याचे घर बदलले की केंद्रही बदलते. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेली, तर हिंजवडी ग्रामपंचायतीतच राहिली. त्यामुळे बावधनच्या नागरिकाचे पाणी पुणे महापालिकेकडे, आमदार भोरचा आणि खासदार बारामतीचा. वाहतूककोंडीची तक्रार नेमकी कोणाच्या दारात न्यायची, हे त्याला सांगणे अवघडच.

निकालानंतर पक्षांची मांडणीही बदलली. एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे यांनी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला आणि २०२४ मध्ये समोरासमोर लढलेले दोन्ही उमेदवार महायुतीतच आले. मतदारसंघाच्या सीमा मात्र राज्यघटनेतील तरतुदीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत बदलणार नाहीत. तोवर २००१ च्या सव्वा लाख मुळशीकरांसाठी ठरवलेली जागाच आजच्या मुळशीला पुरवावी लागणार आहे.