फऽ, फो आणि पाव : परभाषीय खाद्यनामांच्या मराठीकरणाविषयी एक टिपण

परभाषेतील शब्द आपल्या भाषेत येतात ते बहुधा वस्तूंचे बोट धरून येतात. पाव आणि बटाटा हे पदार्थ पोर्तुगिजांच्या संपर्कातून आपल्याकडे आले आणि येताना आपली नावेही घेऊन आले. आज पुण्यात याच प्रक्रियेचा एक नवा प्रकार चालू आहे. आशियाई पदार्थ देणाऱ्या साध्या उपाहारगृहांत अलीकडे व्हिएतनामी पदार्थही मिळू लागले असून, त्यांच्या सोबतीला लहान प्रमाणावर गाळलेली, ‘क्राफ्ट’ म्हणून ओळखली जाणारी बिअर ठेवण्याची प्रथा पडत आहे. कोथरूडसारख्या मराठीबहुल उपनगरातील कुटुंब अशा ठिकाणी जेवावयास जाते, तेव्हा हातातील मेनूकार्ड वाचताना त्याच्यापुढे काही भाषाशास्त्रीय प्रश्नही नकळत उभे राहतात. त्या प्रश्नांची थोडी चर्चा प्रस्तुत टिपणात करण्याचे योजिले आहे.

हे प्रश्न केवळ पंडिती स्वरूपाचे नाहीत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार लहानमोठ्या सर्वच आस्थापनांचे नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे आवश्यक झाले, आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असेही ठरले. मेनूकार्डाला हा नियम लागू नाही. परंतु फलकावरच एखाद्या पदार्थाचे नाव असेल, तर ते देवनागरीत कसे लिहावे, हे ठरविल्यावाचून गत्यंतर नाही.

व्हिएतनामी भोजनातील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ घेऊ. तांदळाच्या चपट्या शेवया, वर हाडांचा बराच वेळ उकळलेला निवळ रस्सा, मांसाचे पातळ काप आणि हिरवी पाने, असे त्याचे स्वरूप असते. रोमन लिपीत हे नाव ‘पी-एच-ओ’ अशा तीन अक्षरांनी लिहितात. इंग्रजीतून वाचणारा मराठी माणूस त्याचा उच्चार ‘फो’ असा करतो. मूळ लिपीत मात्र शेवटच्या अक्षराला एक आकडी जोडलेली असते व वर सुराचे चिन्ह असते. इंग्रजी मुद्रणात ही दोन्ही चिन्हे बहुधा गळून पडतात. त्या आकडीने दाखविलेला स्वर ‘ओ’ नव्हे. तो आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा, परंतु दीर्घ असा स्वर आहे. म्हणजे या पदार्थाचे नाव ‘फऽ’ असे आहे. ‘फो’ हा उच्चार, त्यावर चढा सूर असल्यास, व्हिएतनामी भाषेत ‘रस्ता’ या अर्थाचा एक निराळाच शब्द होतो. इंग्रजीला जो स्वर लिहिता येत नाही तो मराठीच्या वर्णमालेत पहिलाच आहे, आणि तो लांबविण्यासाठी अवग्रहाचे चिन्हही आपल्याजवळ तयार आहे. असे असता आपण इंग्रजीचे लेखन पाहून ‘ओ’कार घालतो, ही गोष्ट लक्षणीय होय.

आरंभीच्या व्यंजनाचा इतिहासही मराठी अभ्यासकास उद्बोधक वाटेल. व्हिएतनामी भाषेची रोमन लिपी सतराव्या शतकात जेझुइट धर्मोपदेशकांनी, मुख्यतः पोर्तुगिजांनी, घडविली. तिचा पहिला मोठा मुद्रित आधार म्हणजे अलेक्सांद्र द रोद यांचा १६५१ साली रोम येथे छापलेला व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश. पूर्वेकडे जाताना हे द रोद १६१९ साली गोव्यास उतरले होते. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले होते. द रोद यांच्या काळी ‘पी-एच’ या जोडाक्षराने दाखविलेला ध्वनी महाप्राण ‘प्ह’ असा होता, असे ऐतिहासिक ध्वनिविचाराचे अभ्यासक मानतात. पुढे त्याचा दंत्योष्ठ्य ‘फ’ झाला, लेखन मात्र जुनेच राहिले. आपल्याकडेही ‘फळ’, ‘फूल’ या शब्दांतील महाप्राण ओष्ठ्य ‘फ’ अनेकांच्या तोंडी आज दंत्योष्ठ्य होत चालला आहे आणि लेखनात काहीच पालट झालेला नाही. तेव्हा ‘फऽ’ या लेखनात स्वरच नव्हे, तर व्यंजनही आपल्या घरचेच ठरते.

या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. फ्रेंच भाषेत ‘विस्तव’ या अर्थी असलेल्या ‘फ’सदृश उच्चाराच्या शब्दाशी काहींनी त्याचा संबंध जोडला आहे. इतरांनी तांदळाच्या शेवयांसाठी असलेल्या चिनी शब्दाकडे बोट दाखविले आहे. फ्रेंचांकडून व्हिएतनामीने अनेक शब्द घेतले, याबद्दल मात्र शंका नाही. लोण्याला ती ‘बऽ’ म्हणते, कॉफीला ‘का फे’ म्हणते आणि बिअरला ‘बिअ’ म्हणते. हे सर्व शब्द कानाने घेतलेले आहेत. फ्रेंच लेखनाचा मागमूसही त्यांत उरलेला नाही.

आपला ‘पाव’ही असाच कानाने घेतलेला शब्द आहे. पोर्तुगीज लेखनात त्याच्या शेवटी ‘ओ’ हे अक्षर आहे. मराठीने ते वाचले नाही, ऐकले. म्हणून सानुनासिक संयुक्त स्वरातील अनुनासिक तेवढा गळला आणि ‘पाव’ उरला. पुढे त्याचा पाव भागाशी किंवा पायांनी कणीक तुडविण्याशी संबंध जोडणाऱ्या लोकव्युत्पत्त्याही निर्माण झाल्या. शब्द भाषेत पूर्णपणे रुजल्याचीच ती खूण होय.

व्हिएतनामीने पावाच्या बाबतीत निराळा मार्ग पत्करला. पिठाच्या उकडलेल्या, भाजलेल्या वा तळलेल्या पदार्थांना ‘बान्ह’ असे सामान्यनाम तिच्यात पूर्वीपासून होते. फ्रेंच पाव आल्यावर तिने त्याला प्रथम ‘पाश्चात्त्य बान्ह’ व पुढे ‘बान्ह मी’, म्हणजे ‘गव्हाचे बान्ह’, म्हटले. हे नाव फ्रेंच शब्दाचा अपभ्रंश असल्याचे अनेकदा सांगितले जाते, परंतु ‘बान्ह’ची प्राचीनता पाहता ते पटण्यासारखे नाही. एकाच वस्तूसाठी एका भाषेने शब्द घेतला व दुसरीने आपल्या जुन्या वर्गात तिला स्थान दिले, अशा दोन रीती येथे शेजारी शेजारी दिसतात.

बिअरकडे वळल्यास आणखी एक रीत आढळते. हनोई येथे १८९० साली ओमेल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने बिअरचा कारखाना काढला. आज तेथे ठेंगण्या स्टुलांवर बसून पितात ती ताजी, सौम्य ‘बिअ हऽइ’, म्हणजे शब्दशः ‘वाफेची बिअर’. मराठी ‘बिअर’ इंग्रजीकडून आली व व्हिएतनामी ‘बिअ’ फ्रेंचकडून, तरी दोहोंचे रूप जवळजवळ सारखेच झाले. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या ‘डूलाली’ या आरंभीच्या लघुमद्यशाळेचे नाव तर याहून मनोरंजक आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडलेल्या गोऱ्या सैनिकांना लागणाऱ्या वेडास ते ‘डूलाली टॅप’ म्हणत. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. मराठी ग्रामनाम इंग्रजी बोलीत जाऊन विशेषण झाले व फलकावर ते पुन्हा देवनागरीत लिहिले जाते तेव्हा ‘देवळाली’ न होता ‘डूलाली’च राहते. ‘क्राफ्ट’ या विशेषणाचे ‘हस्तकलेची’ असे भाषांतर करू गेल्यास मात्र हसे होईल. तो शब्द आहे तसाच राहू द्यावा.

शब्द उसना घेतला तरी व्याकरण आपलेच चालते. व्हिएतनामीत विशेषण नामानंतर येते, म्हणून कोंबडीच्या फऽला ‘फऽ गा’ म्हणतात. आपण ‘चिकन फो’ असा क्रम उलटा करतो. लिंगही आपणच ठरवितो. बिअर दारूच्या साहचर्याने स्त्रीलिंगी झाली, ब्रेड पावाच्या साहचर्याने पुल्लिंगी झाला. फऽला रस्सा मानणारा ‘तो’ म्हणेल, सूप मानणारा ‘ते’ म्हणेल. अर्थही बदलतो. हनोईत या पदार्थाचे मूळ रूप गोमांसाचे आहे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गोवंशहत्याबंदी लागू असल्यामुळे येथे त्या शब्दाने मुख्यतः कोंबडीचा किंवा अळंब्यांचा पदार्थच सूचित होणार.

सर्वांत खटकणारी गोष्ट घटकद्रव्यांच्या नावांविषयी आहे. मेनूकार्डावर ‘लेमनग्रास’ छापतात. ती वनस्पती म्हणजे आपल्या कुंडीतील गवती चहा होय. ‘बेसिल’ म्हणून जी पाने येतात, ती ज्या झाडाचे बी आपण सब्जा म्हणून सरबतात घालतो त्याची आहेत. रश्श्याला सुगंध देणारे ‘स्टार अनीस’ म्हणजे गोड्या मसाल्यातील बाद्यान, आणि दालचिनी व लवंगही त्यात असतेच. कोकणात नारळाच्या रसाबरोबर शिरवाळे खाणाऱ्यास तांदळाच्या शेवया अपरिचित कशा असतील? जे पदार्थ आपल्या स्वयंपाकघराचे इतके जवळचे नातलग आहेत, ते इंग्रजी नावांच्या आड परके होऊन बसतात.

या विवेचनावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ज्या वस्तूला मराठीत नाव आहे तिला तेच द्यावे. जो पदार्थ खरोखर नवा आहे त्याचे नाव शक्यतो मूळ भाषेच्या उच्चारावरून घ्यावे, इंग्रजी लेखनावरून नव्हे. त्याचे लिंग व विभक्तिरूपे ठरविण्याचे काम मात्र बोलणाऱ्यांवर सोपवावे. एकाक्षरी ‘फऽ’ला प्रत्यय लावणे अवघड जाते आणि ‘फोमध्ये’, ‘फोचा’ ही रूपे सहज होतात. त्यामुळे व्यवहारात ‘फो’च टिकण्याचा संभव आहे. तसे झाले तरी त्यात भाषेची हानी नाही. परंतु आशिया खंडातील एका भाषेचा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या खिडकीतूनच का यावा, हा प्रश्न उरतोच. चारशे वर्षांपूर्वी पाव विकत घेणाऱ्याने कानावर जितका विश्वास ठेवला, तितका आज आपण ठेवीत नाही. नव्या खाद्यनामांचा संग्रह करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी छापील यादीबरोबरच जेवणाऱ्यांचे व वाढणाऱ्यांचे उच्चारही टिपून ठेवावेत. या शब्दांचे मराठी रूप अखेर त्यांच्याच तोंडी ठरणार आहे.