मुका ‘डब्ल्यू’ आणि वाकड्या शब्दांचे कूळ

इंग्रजी शिकताना मराठी मुलाला काही अक्षरांचा विशेष राग येतो. ‘राइट’ म्हणजे लिहिणे, ‘राँग’ म्हणजे चूक, ‘रिस्ट’ म्हणजे मनगट. या तिन्ही शब्दांच्या आरंभी ‘डब्ल्यू’ हे अक्षर लिहायचे, पण उच्चारायचे मात्र नाही. हे अक्षर निरुपयोगी वाटते; परंतु एके काळी ते बोलले जात असे. सुमारे 450 ते 1150 या काळातील जुन्या इंग्रजीत ‘लिहिणे’ या अर्थाचा शब्द ‘व्रीतान’ असा होता आणि त्यातील ‘व्र’ स्पष्ट ऐकू येई. 17व्या शतकापर्यंत प्रमाण उच्चारातून हा व-कार गळाला, लेखनात तेवढा उरला. डच भाषेत हा जोड उच्चार आजही जिवंत आहे.

या अक्षरजोडीने सुरू होणारे शब्द एका रांगेत मांडले, तर एक गंमत दिसते. ‘रिंग’ म्हणजे कपडा पिळणे. ‘रेंच’ म्हणजे हिसडून पिरगाळणे. ‘रीथ’ म्हणजे फुलापानांची गुंफलेली वेटोळी. ‘रिंकल’ म्हणजे सुरकुती, ‘रिगल’ म्हणजे वळवळणे, ‘राय’ म्हणजे वाकडे झालेले तोंड. मनगट हा तर हात फिरवणारा सांधाच. ‘रॅथ’ म्हणजे क्रोध. मुळात पीळ पडलेले मन. सगळीकडे वळणे, पिळणे, वाकणे आहे.

हे साम्य नव्याने सापडलेले नाही. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले. ते 1653 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. ही अक्षरजोडी तिरकेपणा किंवा पिळवटणे सुचवते, असे त्याचे निरीक्षण होते. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात ही यादी उतरवून घेतली. मात्र अशा विवेचनात चातुर्य अधिक आणि भक्कमपणा कमी, असा शेराही मारला. पुढे जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने 1930 मध्ये अशा अर्थसूचक ध्वनिगटांना ‘फोनेस्थीम’ हे नाव दिले. हे फर्थ 1920च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

मग ही सारी एकाच कुळातली भावंडे का? येथे सावध राहायला हवे. ‘रिंग’ आणि ‘राँग’ यांचे नाते पक्के आहे. ‘राँग’ हा स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘वाकडा’. चूक म्हणजे वाकडेपणा, ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. कुणी वाकड्यात शिरतो, कुणाचे पाऊल वाकडे पडते. न्यायालयात ऐकू येणारा ‘टॉर्ट’ हा शब्दही लॅटिनमधील ‘पिळलेले’ या अर्थाच्या शब्दापासूनच फ्रेंचमार्गे आला.

पण वॉलिसच्या यादीत उपरेही शिरले आहेत. ‘रेच’ म्हणजे दीनवाणा माणूस. त्याचा पिळण्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता हद्दपार केलेला, देशोधडीला लागलेला. मूळ धातू ‘हाकलणे’ असा. जर्मन भाषेत याच शब्दाचा भाऊ ‘रेके’ म्हणजे वीर, योद्धा! घर सुटलेल्या माणसाला एका भाषेने दीन केले, दुसरीने शूर. ‘राइट’ची कथाही निराळी. ‘व्रीतान’ म्हणजे मुळात ओरखडणे, कोरणे. जर्मनमधला त्याचा सोयरा ‘रायसन’ म्हणजे फाडणे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात तलवारीच्या मुठीवरील लेखासाठी हेच क्रियापद येते. आपले ‘लिहिणे’ ज्या ‘लिख्’ धातूपासून आले, त्याचाही जुना अर्थ ओरखडणे हाच. दोन्हींचे मूळ वेगळे, पण अनुभव एक: कागद आणि शाईच्या आधी माणूस कठीण वस्तूवर कोरत होता.

उलट, अक्षरे जुळत नसतानाही नाते खरे असू शकते. ‘विलक्षण’ या अर्थाचा इंग्रजी ‘वीअर्ड’ पूर्वी ‘दैव’ या अर्थाने वापरत. तो संस्कृत ‘वृत्’ धातूचा नातलग आहे. म्हणजे आपल्या वर्तन, वर्तुळ, परिवर्तन या शब्दांचा. ‘राँग’च्या विरुद्ध उभा असलेला, ‘बरोबर’ या अर्थाचा दुसरा ‘राइट’ ‘व्र’च्या कुळातला नाहीच; त्याचा मूळ अर्थ ‘सरळ’ आणि त्याचा सोयरा संस्कृत ‘ऋजु’. याच ‘ऋजु’पासून प्राकृत ‘उज्जु’मार्गे आपला ‘उजवा’ आला. इंग्रजाचा ‘राइट’ हात आणि आपला उजवा हात मुळात एकच ‘सरळ’ हात आहेत, हे कानाला मात्र कधीच कळले नसते.

ध्वनी जुळला की नाते जोडायचे, हा मोह आपल्याकडेही मोठा आहे. अशा जुळणीवरून गावांची नावे, जातींची मुळे, समाजांचे स्थलांतर ठरवले जाते आणि त्यावरून अभिमान किंवा वैरही पोसले जाते. ‘व्र’च्या कुळाने शिकवण्यासारखे आहे ते हेच. सारखी अक्षरे हा पुरावा नव्हे, ती केवळ शंका घेण्याची जागा. शब्दाचे जुने रूप, भगिनी भाषांतले त्याचे सोयरे आणि ध्वनिबदलाचे नियम यांची साक्ष काढावी लागते. त्या कामी न बोलणारे अक्षरही उपयोगी पडते. लेखनसुधारणेच्या उत्साहात इंग्रजीने तो मुका ‘डब्ल्यू’ पुसला असता, तर मनगट, सुरकुती आणि चूक यांची एका ठिकाणी गाठ पडली असती, असे कुणाच्या मनातही आले नसते.